नसलेल्या हाताची मूठ

ता. ५ जाने., सोमवार

सगळ्यात आधी टपकल्या त्या शेजारच्या शुक्लाभाभी. बोलावलं कोणी नव्हतं. "चायनावाली सुई लग रही है और हमको बताया तक नहीं," म्हणत सरळ खुर्ची ओढून बसल्या, वर माझ्या हातचा शेंगदाण्याचा लाडू. मटार सोलायला घेऊन आल्या होत्या. म्हणजे लवकर उठायचा बेत नव्हताच.

ज्यांची वाट बघत होतो ते पाल डॉ. मागून आले, सोबत त्यांची बायको. कलकत्त्याकडचे. दोघंही म्हातारे, दोघांचेही स्वेटर एकाच लोकरीचे. कारखान्याच्या टाउनशिपच्या कम्युनिटी हॉलमध्ये त्यांचं ॲक्युपंक्चरचं शिबिर आहे, तिथे आमच्या मनूने त्यांना गाठलं. मनू नात. मुलगा-सून शहराच्या दुसऱ्या टोकाला मिसरोदला, ही कॉलेजसाठी आमच्याकडे सोनागिरीत. पोरगी धीट. "मेरे आजोबा का हाथ दुखता है, जो है ही नहीं," असं सांगितलं म्हणे. पालबाबू म्हणाले, चलो, देखते हैं.

यांचा डावा हात मनगटापासून नाही. पत्रा कापायच्या मशीनवर गेला, मनूचा बाप तेव्हा रांगत होता. इतकी वर्षं गुपचूप होता. दिवाळीपासून दुखायला लागला. हे म्हणतात मूठ वळली आहे, नखं तळव्यात रुततात, अंगठा आत अडकलाय. नसलेल्या हाताची नखं! मी आधी हसले. मग यांचे ओठ पाहिले आणि हसू गेलं.

पालबाबूंची तपासायची रीत वेगळी. जीभ पाहिली, मग नाडी. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवतात. उजवीकडे फुप्फुस आणि पोट. डावीकडे हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजवी पाहून झाली आणि सवयीने त्यांची तीन बोटं डावीकडे गेली, रिकाम्या बाहीच्या पुढे, हवेत. हे म्हणाले, "थोडा आगे, डाक्टर साब. कलाई और आगे है."

पालबाबूंनी बोटं पुढे नेली. खरंच नेली! डोळे मिटून किती वेळ तशीच ठेवली. मटार सोलायचा आवाज थांबला.

ता. ७, बुध.

पहिल्या सुया. केसाएवढ्या बारीक, नव्या पाकिटातून. मला वाटलेलं थोट्यावर टोचतील. छे. टोचल्या उजव्या, धड हातावर! अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या खळग्यात, त्याला ते हेगू म्हणतात. एक कानात, दोन पायांवर. मी विचारलं, दुखतंय तिकडे आणि टोचता इकडे? पालबाबू म्हणाले, अंगात 'ची' म्हणजे प्राणशक्ती वाहते, तिच्या वाटा दोन्हीकडे सारख्या. एका अंगाला हाक मारली की दुसरं ओ देतं.

मला कळलं नाही, यांना लगेच कळलं. "अगं सिंधू, ऑइलची लाइन. एकीकडे चोक झाली की दुसऱ्या टोकाने हवा मारायची." जन्म मशीनवर गेला ना.

सुई जरा फिरवतात आणि वाट बघतात. आतून जड, मुंग्या आल्यासारखं झालं पाहिजे. पालबाबू म्हणाले, पाण्यात गळ टाकला की मासा ओढतो, तसं. बंगाली माणसाला मासाच आठवणार. पालबाईंनी कसल्याशा पाल्याची कांडी पेटवून पायाजवळ धरली. वास थेट वाळक्या दवण्याचा. वर्ध्याला चैत्रात आई दवणा वाहायची तो वास. मला एकदम—

वीस मिनिटांनी हे म्हणाले, "करंगळी उघडली."

मी टाळ्या वाजवल्या. या वयात! शु. भाभी म्हणाल्या, मेरे घुटने में भी लगा दो. लावली एक. अशा ओरडल्या की गल्लीतली कुत्री उठली.

ता. ८, गुरु.

हे सकाळी बागेत शीळ घालत होते. दिवाळीनंतर पहिल्यांदा. भरलं वांगं केलं.

करंगळी उघडली म्हणजे ती कुठे उघडली? हा विचार कामवालीशी बोलताना आला.

ता. १०, शनि.

लिहून टाकते. हे पेपर वाचतायत, मनू बिट्टन मार्केटला गेली आहे.

हात गेला त्या दिवशी दवाखान्यातल्या आयाने माझ्या हातात बोचकं दिलं. कापूस, वर पट्टी. म्हणाली, घर का आदमी मिट्टी दे दे. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांनी ताम्हनात हळद-कुंकू काढून दिलं आणि सांगितलं, पट्टी सोड, बोटं सरळ कर, तळवा उघडा ठेव, मग पूर. मुठीला माती द्यायची नसते, मूठ मग तशीच राहते. त्यांच्या गावची समजूत.

टाउनशिपमधलं आमचं जुनं क्वार्टर, मागे सीताफळाचं झाड. खड्डा मीच खणला, खुरप्याने. बोचकं मांडीवर घेतलं. पट्टीच्या गाठीला हात लावला आणि होईना. त्या हाताने सकाळी डबा नेला होता. बाहेरून चाचपलं तर मूठच होती, आत कडक काहीतरी लागलं, मला वाटलं हाड. तसंच ठेवलं, हळद टाकली, माती लोटली. घरात येऊन सासूबाईंना म्हटलं, "केली सरळ."

त्या गेल्या बिचाऱ्या, ते खरं मानून. यांना आम्ही सांगितलं, दवाखान्याने जाळला.

आता हे म्हणतात मूठ वळली आहे.

ता. १२, सोम.

दुसऱ्यांदा सुया. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. तीन मोकळी. चौथं अर्धं. अंगठा तसूभर हलत नाही. पालबाबूंनी जागा बदलली, कानाची सुई दोनदा फिरवली. नाही. मग म्हणाले, "ये अंगूठा दर्द से बंद नहीं है. दर्द से बंद हो तो काँपता है. ये तो आराम से बंद है. जैसे कुछ पकड़ा हो."

हे एकदम म्हणाले, "मी काय पकडणार?" मराठीत. पालबाबूंना मराठी येत नाही हे विसरून.

त्यांना काय ठाऊक मी काय पुरलंय.

ता. १४, बुध. संक्रांत

ठरवून गेले. मनूला म्हटलं, जुन्या क्वार्टरमध्ये तिळगूळ देऊन येऊ. ती म्हणाली, "आजी, वहाँ अब हम किसको जानते हैं यार?" तरी आली. पिशवीत तिळगूळ, खाली खुरपं. होय, खुरपं. काय करणार होते देव जाणे. उकरून बोटं सरळ करणार होते? इतक्या वर्षांनी काय उरलं असेल?

आता तिथे एक केरळकडची मुलगी राहते, नवीन लग्न झालेलं, नवरा कारखान्यात इंजिनियर. गोड आहे. मांजी मांजी करत मागे घेऊन गेली. सीताफळ आहे अजून, चांगलं माजलंय. पण बुंध्याशी त्या लोकांनी स्कूटरसाठी फरशी केली आहे. सिमेंटची, गुळगुळीत. बरोब्बर तिथेच. तिच्यावर स्कूटर उभी आणि सीटवर मांजर.

मी त्या फरशीवर उभी राहिले. मुलगी म्हणाली, इस पेड़ में फल बहुत आते हैं मांजी, और सब हाथ की पहुँच में.

मी म्हटलं, हो बाई.

संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू. शु. भाभी दरवर्षीचं बोलल्याच, "तुम्हारे करंडे को आज भी कटोरी ओढ़ाई है? ढक्कन मरते दम तक नहीं आएगा?" माझ्या पितळी करंड्याचं झाकण वर्ध्याहून येताना सामानात हरवलं ते हरवलं. त्यावर स्टीलची वाटी पालथी घालते. बायका हसल्या. मीही हसले. हे आतल्या खोलीत होते, उठून दार लोटून घेतलं.

ता. १५, गुरु.

पुन्हा कळ. तीन बोटं मोकळी आहेत पण अंगठ्याचं नख खोल जातंय म्हणाले. गरम पाण्यात थोटं धरून बसले होते. मी पाठ चोळली. सांगायचं तोंडाशी आलं. मनू आली.

ता. १७, शनि.

सांगितलं.

दुपारी, मनू कॉलेजात. उन्हात तूर निवडत होतो, हे एका हाताने माझ्यापेक्षा भरभर निवडतात. मी खाली बघूनच सगळं बोलले. बोचकं, गाठ, "केली सरळ", सिमेंट. म्हटलं, माझ्यामुळे मूठ राहिली. ओरडा काय ते.

ओरडले नाहीत. तूर निवडता निवडता विचारलं, "मुठीत काही लागलं होतं का?"

"कडक लागलं. मला वाटलं हाड."

"हाड नव्हतं," म्हणाले. "झाकण होतं."

मला कळेना. मग सांगितलं त्यांनी, अगदी कामाचं सांगतात तसं. तेव्हा मी रोज टोकायची ना, कुंकवात धूळ पडते, नवरा एवढ्या मोठ्या कारखान्यात आणि घरात एक झाकण नाही. तर यांनी पितळेचा तुकडा मिळवून, जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं करून झाकण घडवलं. वर बारीक कळी काढली. तसं सगळेच काही ना काही करायचे म्हणे, कुणी उलथनं, कुणी पोराला गाडी. फोरमनला दिसू नये म्हणून मशीनच्या मागे ठेवलं होतं. सुटायच्या वेळी पात्याखालून हात घालून उचललं आणि वाकताना पाय मशीनच्या पेडलवर पडला.

चौकशीत सांगितलं, पत्र्याची कतरण काढत होतो. मलाही तेच. "तुला सांगितलं असतं तर तू जन्मभर कुंकू लावताना रडली असतीस."

"आणि अंगठा?"

"गेटवर वॉचमन बघतो. वस्तू तळव्यात, वर अंगठा, आणि हात सैल सोडून चालायचं. सगळे तसंच आणायचे." थोटं पुढे धरून दाखवलं मला. काही नव्हतं तिथे, तरी मला दिसलं कसं धरलंय ते.

मी करंडा आणला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. तूर तशीच राहिली. संध्याकाळी मनू म्हणाली, तुम दोनों का झगड़ा हुआ क्या? हे म्हणाले, "नाही गं. मीठ दे."

ता. १८, रवि.

माझ्याच तोंडाने गेला हात. एका झाकणापायी. हे म्हणतात, तुझ्या तोंडाने नाही, माझ्या पायाने. आणि हसतात. त्यांना हसू येतंय! हलके झाल्यासारखे दिसतात, पाठीवरचं पोतं खाली ठेवलेल्या माणसासारखे. ते आता माझ्याकडे आलंय.

पण एक सांगू? काल कुंकू लावताना रडू आलं नाही. आरशात बघत बसले. सिमेंटखाली, अंधारात, कुणीतरी माझं झाकण धरून उभं आहे, अजून गेटच्या आत. वॉचमन जायची वाट बघत. भीती वाटली. आणि, लिहायला लाज वाटते, बरंही वाटलं.

ता. १९, सोम.

पालबाबू आणि बाई आले. शु. भाभी आल्या नाहीत, गुडघा बरा आहे म्हणून पोह्यांचा डबा पाठवला. सुया लागल्या. वास भरला घरात. चौथं बोटही मोकळं झालं. पालबाबूंनी बोटभर लांबीची नवी सुई काढली, म्हणाले, आज अंगूठे को मना लेंगे.

हे म्हणाले, "आज रहने दो, डाक्टर साब. घर में पूछना है."

पालबाबूंनी माझ्याकडे पाहिलं, सुई परत पाकिटात. जाताना पालबाईंनी माझा हात धरला आणि त्यांची तीन बोटं माझ्या डाव्या मनगटावर पडली, सहजच. किंवा सहज नसेल.

ते गेल्यावर हे म्हणाले, "बोल. अंगठा उघडला तर दुखणं जाईल. पण मग ते सुटेल हातातून."

मी म्हटलं, चहा ठेवते.

ता. २१, बुध.

दोन दिवस झाले, विचारत नाहीत. कळ येते तेव्हा तोंड फिरवतात, मला दिसू नये म्हणून. तरी दिसतं. माझ्या झाकणासाठी अजून दुखवून घेतायत, मी बोलेपर्यंत.

करंडा चिंचेने घासला. लख्ख निघाला. कुंकू काढून वेगळ्या डबीत घातलं. मग पलंगावर हे पडतात तिथे, डाव्या अंगाला, थोटं टेकतं त्याच्या जरा पुढे ठेवून पाहिला. कलाई और आगे है, म्हणाले होते ना. तेवढं अंतर मोजून, तोंड वर करून. सुटलंच तर यावरच बसावं.

हे दारातून बघत होते. आले, आडवे झाले, थोटं बोटभर डावीकडे सरकवलं.

"असं?" म्हणाले.

"थोडं पुढे," मी म्हटलं.

सोमवारी २६ तारीख, टाउनशिपमध्ये झेंडा, पालबाबूंचं शिबिर बंद. दोघं मंगळवारी येतो म्हणालेत. ता. २७, साडेचार वाजता.