दुसरं पिल्लू

बय्यूमीमामांना वहीदचा सलाम,

पोर्ट सईद, शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळचे साडेनऊ. साखरपुड्याचा भाड्याचा कोट परत करायचा म्हणून घासत होतो. मन लागेना, म्हणून लिहायला बसलो.

काल तुम्ही माझ्या सासऱ्यांच्या कानामागून कोंबडीचं पिल्लू काढलंत. एवढा करडा माणूस, पण लहान मुलासारख्या टाळ्या पिटू लागला. मला मात्र तुमच्या जत्रेतल्या धंद्याची लाज वाटली. मी मोठ्यानं म्हणालो, "जादूबिदू काही नाही, पिल्लू बाहीत असतं!"

सासऱ्यांच्या टाळ्या थांबल्या. तुम्ही तेवढे हसलात. "भाचा हुशार आहे हो आमचा! घ्या, बघा बाही." दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सारल्यात, आत काही नव्हतं. मग माझ्याच कोटाच्या खिशातून दुसरं पिल्लू काढून माझ्या तळहातावर ठेवलंत आणि न जेवता निघून गेलात.

माझी होणारी बायको नजला आज सकाळी मला म्हणाली, "बाहीत असतं हे आम्हाला कळत नव्हतं होय रे? आई गेल्यापासून बाबा काल पहिल्यांदा हसले. तुला कुणी विचारलं होतं, शहाण्या?"

इतकी वर्षं जत्रेत तुमची जादूची पेटी उचलली, तरी ते दुसरं पिल्लू कुठून आलं हे मला उमगत नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंत तर तुम्ही लगेच माफ कराल, आणि मला बरं वाटावं म्हणून युक्तीही सांगून टाकाल. ती मला कळायला नको आहे. संध्याकाळी सासऱ्यांना घेऊन तुमच्या दारी येतो. त्यांच्यादेखत मला हवं तेवढं बोला.

तुमचा शरमिंदा भाचा,
वहीद