चार नंबरची मान

सोमवार, ६ नोव्हें.
आज सकाळी गोठ्यात शिरलो आणि आधी चार नंबरच्या शेळीचं पाणी हुंगून पाहिलं. वास नाही. तरी ओतून टाकलं, घमेलं धुऊन नवं भरलं. सर प्रयोगासाठी त्यात झोपेचं औषध घालत असावेत. पुरावा नाही.
ती धड झोपत नाही. झोप मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर उमटते ती नुसती गुंगी. डोळे अर्धे उघडे, रवंथ चालू. वलगावात लहानपणी शेळ्या राखल्या, पण तीही झोपच असते हे इथे अकोल्यात, प्रयोगशाळेच्या नोकरीत कळलं. देवाच्या स्मरणाला बसलो की माझंही तसंच होतं. देवा, क्षमा.

मंगळ. ७
सर म्हणाले, मेंदूच्या देठात एक जागा आहे. गाढ झोपेत ती सगळं अंग सैल सोडते, शेळीची मान कुशीवर पडते, रवंथही थांबतो. दिवसातून थोडाच वेळ. डोक्यात बसवलेली तार त्या जागेचं ऐकते. तार बसवल्यापासून चारची मान एकदाही पडली नाही.
"शुक्रवारपर्यंत वाट पाहू. नाहीतर तार कुठे बसलीय ते बघावं लागेल."
"ते कसं पायता, सर?"
चष्मा पुसत राहिले. दोन नंबरचंही असंच 'बघितलं' होतं. ती परत आली नाही.

बुध. ८
दिवसभर स्टूल टाकून तिच्यासमोर. नजर हलवली नाही. माझ्यादेखत कोणी काही करणार नाही. तिचे कान सतत माझ्याकडे.

गुरु. ९
कडबा विकणारे रशीदभाई आले. गावोगाव लोक जनावरं विकून राहिले म्हणाले, चारा कोण घेते. मग माझ्याकडे पाहून हसले.
"भाऊ, सासरा नव्या सुनेवर नजर ठेवते तसे बसले तुमी. कशी झोपीन ते?"
"राखण करून राहिलो."
"अहो, एकटी बकरी कान खाली टाकत नाही. एक जागते तवा दुसरी निजते. पाच नंबरले काहून तोडलं तिच्यापासून?"
तोडलं मीच. पाच तार चावेल म्हणून, तार बसवली त्याच दिवशी. सरांना न विचारता.


शुक्र. १०
सरांना सांगितलं. "तार बरोबर असन, सर. खोट माही आहे."
"आधी का नाही बोललात?"
"तुमच्यावर भरोसा नव्हता."
सरांनी वहीतली आजची तारीख खोडली. मग, "सोमवारपर्यंत." एवढंच.
आता तरी भरोसा आहे का? माहीत नाही. पाणी आजही हुंगलं.
पाचला परत तिच्याशेजारी बांधलं. तिनं पाचची मान चाटली. मग स्टूल उचललं, दाराबाहेर ठेवलं, गोठ्याकडे पाठ करून बसलो. स्मरण केलं. आत जबड्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळानं एकीचा थांबला.
कोणाचा, ते वळून पाहिलं नाही.