बाहेरचे चार दिवस

तात्या, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी दवाखान्याच्या पायरीवर वहाणा काढताना माणसं अजून तुमच्या फोटोला हात जोडतात. त्या फोटोखाली मी बसतो. मी कॉलेजात इंटरला असताना तिचं लग्न खालापूरला ठरल्याचं कळलं आणि मी खानावळीच्या बंबात वह्या घालून कर्जतला निघून आलो. आई म्हणाली, "डोकं फिरलंय त्याचं, बसू दे वडलांच्या गादीवर, निवेल." निवलं नाही. तुमची गादी, तुमचा खल, आणि तुमची ती जाडजूड वही, जिच्यात बायकांच्या सगळ्या तक्रारींना मिळून सव्वा पान आहे. मूळव्याधीला अकरा पानं.

तिला तुम्ही ओळखता. पलीकडच्या आळीतल्या मास्तरांची मुलगी. मुंबईच्या इस्पितळात पोट कापून तिचं बाळंतपण झालं. मूल चांगलं आहे, पण ती त्यानंतर वाळतच गेली. भिंतीला टेकल्याशिवाय उभं राहवेना, तेव्हा सासूनं तिला मुलासकट माहेरी आणून सोडलं. वर निरोप असा, की दिवाळीपर्यंत कामाला उभी राहिली तर नेऊ, नाहीतर आमच्या मुलाला दुसरी बायको बघू. नवरा बैलगाडी हाकायला सोबत आला होता. तो तेवढ्याच कामाचा.

दर गुरुवारी ती आपल्या मावशीबरोबर यायची. तुम्ही लावलेल्या पडद्यामागे बसायची आणि मी इकडून तुमचाच प्रश्न तुमच्याच शब्दांत विचारायचो, "बाहेर किती दिवस?" ती म्हणायची, "चार." चार दिवस म्हणजे बाईत दोष नाही, पित्त वाढलंय, असं तुमची वही सांगते. मी पित्ताची पुडी बांधायचो. पुडी देताना पडद्याखालून तिची नखं दिसायची, चुन्यासारखी.

अशीच नखं मी पूर्वी पाहिली होती. मी पंधरा वर्षांचा असेन. कळंबची एक बाई खांब धरून बसली होती. तुम्ही डोळे मिटून नाडी पाहिलीत, बाहेर किती दिवस विचारलंत, ती चार म्हणाली, तुम्ही पुडी दिलीत. मी म्हटलं, तात्या, तिचे ओठ पांढरे पडलेत. तुम्ही ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "बायकांना खोदून विचारतो तो वैद्य नव्हे, चहाटळ." लोक हसले. तुम्हाला ते आवडलं. पंचक्रोशीत नावाजलेला वैद्य, आणि एका बाईला सरळ विचारायची तुमची छाती झाली नाही.

ते यंदा एका गुरुवारी विचारलं ठाकुरवाडीकडच्या ठाकरणीनं, जी आपल्याकडे साली नि मुळ्या घेऊन येते. भारा टाकला आणि दमली म्हणून पडद्याआड मास्तरांच्या मुलीशेजारीच जाऊन बसली. तिकडून मला तिचा आवाज आला, "पोरी, चिंध्या किती दिस धुतीस गं?"

मग ती म्हणाली, "अठरा. कधी वीस."

मावशी खेकसली, "अगं, मग इतके दिवस चार काय सांगत्येस?"

"बाहेर चारच बसते ना. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यावंच लागतं. मी बाहेर राहिले तर चूल काय सासूबाई पेटवतील?"

ठाकरीण बाहेर आली आणि मला म्हणाली, "वैद, तुमी सोवळं इचारता. रगत कंदी इचारनार?"

तुमच्या चाळीस वर्षांच्या वैद्यकीची किंमत तिनं तेवढ्यात केली. किती जणींनी चार सांगितलं असेल तुम्हाला, आणि किती जणी पुडी घेऊन घरी जाऊन पडल्या असतील.

पुढं मावशी तिला मुंबईला घेऊन गेली. जिनं पोट कापलं होतं त्याच डॉक्टरणीनं तपासलं. म्हणाली, खात्रीनं सांगता येत नाही, पण कापलेल्या जागी पिशवी आतून नीट भरून आली नसावी. रक्त तिथं साचतं नि मागाहून येत राहतं. पिशवी खरवडून साफ केली, लोहाचं औषध आणि लिव्हरची इंजेक्शनं दिली, पंधरा दिवस ठेवून घेतली. आता पाळी सात दिवसांत थांबते. दोन वर्षं मूल नको, असं त्या डॉक्टरणीनं नवऱ्याला मुंबईला बोलावून, समोर बसवून बजावलं. दिवाळीच्या आत तो गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही हे बरंच आहे. ठाकरीण बोलली त्या दिवशी मावशीनं मला विचारलं होतं, आता काय करायचं? मी म्हटलं, पुडी बदलून देतो. पुढच्या गुरुवारीही तेच म्हटलं. मुंबईला न्या, हे शब्द तोंडातून निघायला मला दोन गुरुवार लागले, कारण बरी झाली की ती खालापूरला जाणार होती. तुम्हाला निदान ठाऊक तरी नव्हतं.