संडासाची चावी

१० डिसेंबर
आजही कुलूप! मलकापूरच्या या कापसाच्या जिनिंगमधी आम्ही इतक्या बाया, संडास एकच, अन् त्याची चावी मुनीमजीच्या खुंटीले. मागाले गेली तर साऱ्या ट्रकवाल्यायसमोर म्हणते — "गाडी भरू दे, मंग जा." मेल्याले लाजही वाटत नाई! दिवसभर पाण्याले तोंड लावलं नाई मी.

११ डिसेंबर
मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चा स्वाध्याय द्याचा आहे — 'समाजवाद, साम्यवाद व भांडवलशाही यांची मानवी हक्कांच्या संदर्भात तुलना करा.' करा म्हणे! पुस्तकात लिहेल आहे — भांडवलशाहीत बोलाचा हक्क, साम्यवादात भाकरीचा, समाजवादात दोन्हीतलं थोडं थोडं. लघवीले जाचा हक्क कोणाच्याच वाट्याले नाई. हे लिहलं तर नापासच करतीन.

१३ डिसेंबर
बाबाले इचारलं. जुने लाल बावट्याचे, खाटेवर पडल्या पडल्या अजून भाषण देतेत. "सुचिता बेटा, आधी मजुरी, मंग संडास. मजुरायचं राज्य आलं का कुलूपच राहत नाई." मी म्हटलं, बाबा, तुमच्या युनियनच्या हापिसात बायायसाठी संडास होता का? खोकत राह्यले.

अन् समाजवाद? तो तर मी भोगला. याच्या आधी सहकारी सूतगिरणीत होती. फाटकावर मोठ्ठं लिहेल — ही गिरणी तुमचीच आहे. आमच्याच गिरणीत साहेबायच्या संडासाले कुलूप, अन् आम्ही मागच्या वावरात पऱ्हाटीच्या आडोशाले!

१७ डिसेंबर
नूरबी माह्या बाजूलेच बसून कापसातला कचरा येचते. सातवा महिना आहे तिले. आज तापानं फणफणली. "खाली आग होऊन राह्यली वं," म्हणे. डॉक्टरीणबाईकडे नेलं तर त्या खेकसल्या — पाणी काऊन पीत नाई? असंच चाललं तर लेकराले धोका आहे. काय सांगावं बाईले! तिच्यापेक्षा मीच जास्त रडली.

१८ डिसेंबर
शेठकडे गेली. तडतड बोलली. तो हासला. "बाया तिथं जाऊन गप्पा हाणतेत, मशीन रिकामी फिरते. तुले कोणी बांधून ठेवलं का? दुसरी जिनिंग पाह्य. मोकळा देश आहे."

१९ डिसेंबर
पाणी नाई पेली.

२४ डिसेंबर
अगं बाई! शेठनं मले बायायची मुकादम केलं! "लय तोंड आहे तुले, आता तूच सांभाळ," म्हणे — अन् चावी माह्या हातात. दिवसभर दार उघडं ठेवलं. नूरबी माह्यासमोर तांब्याभर पाणी पेली. "अल्ला तुवं भलं करो," म्हणे.

स्वाध्याय पुरा केला. शेवटी लिहलं — राज्य कोणतंही असो, चावी आपल्या माणसाच्या हातात पाह्यजे.

३० डिसेंबर
चार बाया एकदमच उठल्या अन् मशीन रिकामी फिरली. शेठ नेमका तिथंच उभा. "मुकादमी झेपत नसंल तर सांग. उद्यापासून पुन्हा कचऱ्यात बस." त्या धुळीत आता नाई बसाचं मले. नाई म्हणजे नाई.

२ जानेवारी
कुलूप लावलं.
दुपारून नूरबी आली, पोट धरून. हात पुढं केला.
मी म्हटलं — गाडी भरू दे, मंग जा.