कवीच्या तिरडीवर

६ डिसेंबर १९८१, आंबागड

आज तीनदा मेलो. चौथ्यांदा डायरेक्टर साहेब म्हणाले, "ओके."

सिनेमा जुन्या राजवटीतल्या एका कवीचा आहे. दारू पिणारा, नाचणारणीच्या दारात लोळणारा, राजानं दिलेली शाल विकून पुन्हा पिणारा. तोंड हिरोचं, बाकी अंग माझं. तलावात उतरतो तो मी. घोड्यावरून पडतो तो मी. कविता म्हणतो तो हिरो. पंधरा दिवस ऐकून राहिलो, पण एक ओळ ध्यानात राहिली नाही.

आज कवीची प्रेतयात्रा होती. हिरो म्हणाला, बायकोनं शपथ घातली, तिरडीवर निजणार नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. निजलो. काय फरक पडतो!

रडायला गावातल्याच बाया आणल्या होत्या. चंद्रभागाबाई सगळ्यांत पुढं. त्यांच्याच ओसरीत मी राहतो. पहिल्यांदा सुरात रडल्या. मग वाकून पाहिलं अन् ओरडल्या — "अवो बाई, हा तं आपला इश्वर! जिता पोट्टा बांधला वो यायनं!" सगळ्या वाकून पाहायला लागल्या. साहेब डोकं धरून बसले. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. बांबू पाठीत रुतून राहिले होते.

७ डिसेंबर

चंद्रभागाबाईंनी सकाळपासून डोकं खाल्लं.

"कावळा शिवला तं घरी खोटा सांगावा धाडतेत का नाही? घरचे रडले का मरण टळते. तू तं चार खांद्यावर गेला! तुह्या घरचे रडलेच पाह्यजे."

म्हटलं, "सिनेमा आहे तो, मावशी."

"यमाले काय समजते सिनेमा?"

त्यांनीच देवाजी गुरुजींना बोलावून आणलं. गुरुजी शाळेतून रिटायर झालेले, गावाची पत्रं तेच लिहितात. चष्मा पुसून त्यांनी चंद्रभागाबाईंच्या नावानं कार्ड लिहिलं — इश्वर रविवारी आंबागडला वारला, चौघांनी खांदा दिला, अग्नी दिला. मेल्याची बातमी म्हणून कार्डाचा कोपरा फाडला. एकदम सराईत, जसे रोज दहा फाडतात.

मग दुसरं कोरं कार्ड काढलं, हळदीचं बोट लावलं अन् मला दिलं. "हे तू लिही. जित्याच्या हातचंच पाह्यजे. जिता आहो, येऊन भेटतो, एवढंच. परवा टाक. रडू सुकायच्या आत पोचलं पाह्यजे, नाही तं पाप लागते."

पत्ता विचारला तर सांगून टाकला. पवनीजवळचं आसगाव, माय सुलोचनाबाई. खोटा सांगता आला असता. मी काही कमी खोटं बोलतो का! तीन वर्षांत घरी एक ओळ नाही. पवनीच्या बाजारात जाऊन येतो म्हणून निघालो होतो. मग राइस मिल, मग मँगनीजची खाण, मग तेंदूपत्त्याचा फड, मग हे.

९ डिसेंबर

कार्ड लिहायला बसलो. "ती. मायेस" — एवढं झालं अन् ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. बपेऱ्याहून डोंगा आणायचा होता, कवी त्यात बसून पिणार आहे. म्हटलं, चला. नदीच्या पलीकडे मध्य प्रदेश. पलीकडचा चहा पिऊन पाहिला. सारखाच आहे. डोंगा मिळाला नाही. दिवस गेला.

१० डिसेंबर

झोपून होतो.

११ डिसेंबर

कवीच्या बायकोचं काम करणारी बाई नागपूरची. तिला रडू येत नाही. डोळ्यांत काही तरी थेंब घालतात, मग पाणी येतं. सात वेळा घातले. डोळे सुजले तिचे, पण चेहरा कोरडाच!

तिथं उभ्या उभ्या मनात आलं — तिकडे कार्ड पोचलं असेल. मायला वाचता येत नाही. काका वाचून दाखवतील. वासुदेवकाका मोठ्यानं वाचतात, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. माय रडेल. थेंब घालावे लागणार नाहीत.

लिहू नये, पण लिहितो — बरं वाटलं. आपल्यासाठी कुणी खरं रडून राहिलं आहे, असं वाटून पोटात ऊन ऊन झालं. मग स्वतःचीच किळस आली. मग भूक लागली.

चंद्रभागाबाईंनी भात वाढताना विचारलं, "टाकलं काय गा कार्ड?"

"टाकलं."

का बोललो कोण जाणे. कार्ड उशाखाली आहे.

१४ डिसेंबर

आज कवी पिऊन चिखलात पडतो. म्हणजे मी पडतो. नऊ वेळा. अंगात ताकद नाही.

हिरो खुर्चीत बसून सिगारेट ओढत होता. त्याला काय सुचलं, मला विचारतो, "घर सोडून का फिरतोस रे?"

"माहीत नाही, साहेब."

"म्हणजे कवीच आहेस!" अन् सगळे हसले.

नाही बा. कवीनं आयुष्याची माती केली, पण वह्या तरी भरल्या. माझ्याच्यानं एक कार्ड लिहवत नाही. दारूचंही निमित्त नाही मला.

साहेब म्हणाले, पुढच्या सोमवारी युनिट इंदूरकडे जाईल, तिथंही अंग लागेल, चल. हो म्हटलं. हो म्हणायला मला वेळ लागत नाही.

आज कार्ड टाकायचं तर आता काय लिहू? आठ दिवस झाले. जिता होतास तर आठ दिवस काय करत होतास, असं ती विचारेल.

१७ डिसेंबर

चंद्रभागाबाई पत्र घेऊन आल्या, चेहरा फुललेला. "आसगावचं हाये म्हणे! पोष्टमन सांगून गेला. वाच गा, खुश झाले असतील."

वाचायला लागलो. अक्षर काकांचं. जसंच्या तसं उतरवतो —

"आपले कार्ड गुरुवारी मिळाले. तोवर सर्व उरकले असेल म्हणून निघालो नाही. वहिनींना सांभाळणे होते. आमचा मुलगा परगावी बेवारस गेला नाही, चार जणांचे खांदे मिळाले, हे उपकार फिटणार नाहीत. तेरवी शुक्रवारी ठेवली आहे. खांदा देणाऱ्या चौघांनी व आपण जेवायला अवश्य यावे. वहिनी विचारतात, शेवटी त्याच्या तोंडात पाणी कोणी घातले?"

पाणी घातलं होतं. चौथ्या वेळेआधी. मेकअपवाल्यानं. ऊन फार होतं म्हणून.

चंद्रभागाबाई खाली बसल्या. शिव्या देतील वाटलं. नाही दिल्या. "तू टाकलंच नोयतं," एवढंच. मग उठून पदर खोचत, "शुक्रवार म्हणजे उद्या. ऊठ. मी येतो संगं. माह्याच दारातून गेलं ते कार्ड."

१८ डिसेंबर, आसगाव

तीन गाड्या बदलल्या. चंद्रभागाबाई सगळ्या रस्त्यानं खिडकीतून धानाच्या रिकाम्या बांध्या पाहत होत्या.

आंगणात पंगत बसली होती. पत्रावळींवर भात पडलेला. पहिल्यांदा कुंताकाकूनं पाहिलं अन् भाताचं भांडं तिच्या हातातून सुटलं. कोणी "भूत, भूत" केलं, दोन पोरं जेवण सोडून पळाली. वासुदेवकाका उठले, जवळ आले, माझा हात चाचपून पाहिला, अन् मग कानाखाली वाजवली. दोनदा. त्यांना रडू येत होतं. चंद्रभागाबाई मध्ये पडल्या, "मले मारा जी, मी धाडलं कार्ड." कोणी त्यांना मारलं नाही. चहा दिला.

माय चुलीजवळ होती. उठली नाही. डोळ्यांतून पाणीही नाही. पाहत राहिली, जसं दुकानात एखादी वस्तू घ्यावी का नाही म्हणून पाहतात.

मग पत्रावळ मांडली. माझ्याच तेरवीचं जेवलो.

१९ डिसेंबर

माय सकाळी बोलली. आवाज अगदी साधा.

"तीन सालं कुत्रं भुकलं तरी उठून बसो मी. तू आला असशील म्हणून. कार्ड आलं, दोन दिवस रडली. अन् मंग झोप लागली बापू. सकाळ होत वरी झोप. लोक म्हणत, बुढी खचली. मी झोपून राहिली होती." चुलीत लाकूड सारलं. "आता सांग. राहातं का जातं? जाचं असन तं आजच जाय. अन् मंग कार्ड धाडू नको. मेलेलाच राह्य."

उत्तर द्यायचं सोडून हे लिहीत बसलो आहे. ती दारात बसली आहे. डोळे लाल आहेत. काल तिला झोप लागली नाही.