सर मॅनेज झाले

सर, तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. तुम्हाला लिहायची वेळ आली ती एका फोनमुळे. शाळेच्या नव्या सभागृहाला तुमचं नाव देतायत. संस्थेचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "ताई, मेन भाषन तुमचंच. सरांची सगळ्यात गाजलेली विद्यार्थिनी तुमीच. तारीख जरा घाईची हाय, पन तेवढं मॅनेज करा की." वेळ काढा, एवढंच त्या बिचाऱ्याला म्हणायचं होतं. मी मात्र 'मॅनेज' या शब्दापाशीच अडकले.

हा शब्द मला तुम्हीच शिकवलात. आठवीचा वर्ग आहे, वर पत्रा तापलाय. पूर आलेली नदी एक माणूस पार करतो, असं इंग्रजी वाक्य तुम्ही फळ्यावर लिहिता आणि सांगता, मॅनेज म्हणजे कसंबसं, पण स्वतःच्या बळावर जमवणं. मग प्रत्येकाला एक वाक्य करायला लावता. कुणी दुकान मॅनेज करतं, कुणी बैल. माझ्या शेजारची, वसतिगृहात राहणारी मुलगी उठते आणि म्हणते, "माय मदर मॅनेजेस." वर्ग हसतो. तुम्ही विचारता, "काय मॅनेज करते गं?" ती म्हणते, "समदंच, सर." तुम्ही हसत नाही. "वाक्य पूर्ण आहे. बस खाली," म्हणता. तिची आई तेव्हा कारखान्याच्या फडात ऊस तोडत असते. आईबाप तोडीला गेले की ही पोरं शाळेच्या आवारातल्या वसतिगृहात राहायची. ते होतं म्हणून त्यांची शाळा चालू राहायची.

बोलायलाही तुम्हीच शिकवलंत. श्रीरामपूरच्या वक्तृत्व स्पर्धेत मी घसा फोडून बोलले, पहिलं बक्षीस घेतलं, आणि परतीच्या एसटीत तुम्ही मला झापलंत. "आवाज कशाला चढवलास? मुद्दा चढव. मुद्दा खरा असेल तर हळू बोललीस तरी मागच्या रांगेपर्यंत पोचतो." मिरजगाव येईपर्यंत मी रुसून खिडकीबाहेर बघत होते. उतरल्यावर तुम्ही भेळ घेऊन दिलीत, तरी बोलले नाही.

आणि मग ती ग्रामसभा. मी कॉलेजात होते, नुकतीच मतदार झाले होते. वसतिगृह पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचे, असं संस्थेच्या पुढाऱ्यांनी ठरवलं होतं. जागा गावाची, म्हणून त्याविरुद्ध ग्रामसभेत ठराव मांडायचा होता. ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक. सूचक तुम्ही, अनुमोदक मी, हे आदल्या संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात ठरलं. काकू शिरा परतत होत्या आणि तुम्ही मला बोलायचे मुद्दे सांगत होता.

सभेत सरपंच म्हणाले, "सर, तुमचा ठराव हुता म्हनं?" तुम्ही उभे राहिलात, चष्मा काढून पुसलात. "माझं काही म्हणणं नाही," म्हणालात आणि बसलात. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी उठून म्हणाले, "मग सूचक मी." सरपंच हसले. "बरं. अनुमोदक कोन?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही सतरंजीकडे बघत होता. एकही हात वर आला नाही. सरच बसले म्हटल्यावर कोण उठणार?

बाहेर पानाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "सर मॅनेज झालं जनू."

दुसरा म्हणाला, "व्हय, पोराची ऑर्डर निघतीय संस्थेत. लई दिवस चाललं हुतं."

मी त्यांच्या अंगावर धावून गेले. "तोंड सांभाळा. सर आहेत ते!" जूनमध्ये तुमचा मुलगा संस्थेत मास्तर म्हणून रुजू झाला. वर्गातल्या त्या मुलीची धाकटी बहीण तेव्हा सातवीत होती. वसतिगृह पाडलं गेलं, आणि दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली, ती परत शाळेत आली नाही.

हा अर्थ तुम्ही फळ्यावर लिहिला नव्हता. आपल्याकडे उमेदवार मॅनेज होतो, साक्षीदार मॅनेज होतो, पत्रकार मॅनेज होतो. कुणी केलं, कशासाठी केलं, हे विचारायचंच नाही. ताप यावा तसा माणूस मॅनेज होतो आणि गाव मान हलवून चहा पितं. किती सभांमध्ये मी यावर तुटून पडले आहे! तुमचं नाव मात्र कधी घेतलं नाही.

मुलगा बेकार होता, हे मला कळत नाही असं नाही. त्या संध्याकाळी सांगितलं असतंत तर मी भांडले असते, रडले असते, आणि रात्रीतून दुसरा अनुमोदक शोधला असता. तुम्ही माझ्याकडून मुद्दे पाठ करून घेतलेत आणि सभेत मला एकटं पाडलंत. वसतिगृहापेक्षा मला हे जास्त सलतं, आणि तसं सलतं याची लाजही वाटते.

कार्यक्रमाला मी हो म्हणाले ते हे सगळं त्याच आवारात, माईकवर सांगायचं म्हणूनच. भाषण तयार होतं. आज दुपारी काकूंचा फोन आला. "गुडघे धरलेत गं, पण मी येणारे. पुढंच बसवा म्हटलंय त्यांना. ह्यांच्याबद्दल कुणी धड बोलतच नाही बघ आता. तू बोलशील ना चांगलं?"

मी म्हणाले, "हो, काकू."

उद्या मी आठवीच्या वर्गाबद्दल बोलेन, श्रीरामपूरबद्दल बोलेन. सगळं खरंच असेल. ग्रामसभेच्या अलीकडे थांबेन. काकू समोर असताना पुढचं मला जमणार नाही, सर.