रिओताच्या गुडघ्यातला डिंक

अल सद्द, दोहा

चि. रत्नप्रभा हिला थोरलीचा आशीर्वाद.

तुझी कंबर आणि नानांचा खोकला आहेत तसेच असणार, म्हणून विचारत नाही. मी ठणठणीत आहे. चौथीपुढे शाळा पाहिली नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस, मजकूर वाच.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये रिओता नावाचा जपानी राहतो. फुटबॉल खेळतो, त्याचाच पगार घेतो. अठराव्या वर्षी गावच्या क्लबात लागला, बारा वर्षं तिथेच घासली, मग तीन बेल्जियमला, आता इथे. एवढ्या वर्षांत गोल म्हणशील तर चार. (माझा लेक प्रताप हसला. म्हटलं, तुझी प्रमोशनं मोजू का?) पण त्याचं काम गोल करायचं नाहीच, दुसऱ्याचा होऊ द्यायचा नाही. म्हणजे सुनेसारखं. केलेलं दिसत नाही, चुकलेलं गावभर होतं.

दिवाळीनंतर त्याचा गुडघा उघडून शिवला. क्लबवाले म्हणाले, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात उभा राहिलास तर अजून एक वर्ष ठेवू, नाहीतर खलास. आता, शरीर एवढं उघडलं म्हणजे ते बाळंतपणच, बाई असो की बाप्या. मी खारीक-डिंकाचे लाडू सुरू केले, रोज दोन. सूनबाई सुचित्रा म्हणाली, "आई, त्यांचा डाएट असतो." म्हटलं, असू दे, लाडवाबरोबर तोही घेईल. तो दोन्ही हातांनी डबा घ्यायचा आणि असा वाकायचा की आपल्या घरातल्या एका जावयाची कंबर तेवढी वळत नाही. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत. (आमची ईशा डबा आठवडाभर दप्तरात कुजवते.)

परवा सामना झाला. आपण एका गोलने पुढे. शेवटच्या मिनिटाला गोलकीपर पालथा, चेंडू आत शिरणारच, तेवढ्यात आमचा त्याच गुडघ्यावर घसरत आला आणि चेंडू बाहेर. शेजारच्या कतारी बाईंना मी मराठीतच सांगितलं, या गुडघ्यात माझा डिंक आहे. ईशाला म्हटलं, सांग त्यांना इंग्रजीत. ती म्हणाली, "आजी, प्लीज." वर्षाचा करार झाला. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्या बायकांना मी डिंकाचं सांगून टाकलं.

तुझी ताई

ता. क. आज खाली वॉचमन महमूद भेटला, शुक्रन शुक्रन करत, म्हणजे आभार मानत. पाच महिने लाडू त्याने खाल्ले. म्हणाला, रिओतासाहेबांना गोड चालत नाही, पण म्हातारीला नाही कसं म्हणायचं, म्हणून खाली द्यायचे. महमूदचे गाल बघण्यासारखे झालेत. म्हणजे गुडघा त्या पोराने एकट्याने, नुसत्या व्यायामावर उभा केला. हे मला जास्त आवडलं, पण त्याला कळवायचं नाही.

ता. क. २ मंडळात तर मुळीच नाही. अमेय वीस तारखेला नाशिकहून इकडे यायला निघतोय, त्याच्याबरोबर दोन किलो डिंक पाठव. अजून अख्खं वर्ष हातात आहे, आता समोर बसवून खायला घालीन. महमूदचे वेगळे वळीन.